जुळ्या रेघा

मला कोणी बोलावलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. उगाच मागाहून कोणी खवचटपणे म्हणायला नको. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, गुडघे ठणठणीत होते, जीभ त्याहून ठणठणीत होती, आणि काम म्हणाल तर कुंड्यांना पाणी घालणं. त्या कुंड्यांमधली झाडंसुद्धा माझ्या देखरेखीला कंटाळली होती.

त्याआधी सत्तावीस वर्षं मी नळ बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोग्राफ चालवला. नाव जड आहे, काम सरळ आहे. धातूचा चिमूटभर भुगा कार्बनच्या कांडीच्या टोकावर ठेवायचा, समोर दुसरी कांडी धरायची आणि वीज सोडायची. भुगा जळतो. त्याचा उजेड केसाएवढ्या बारीक फटीतून आत जातो, पलीकडचा लोलक तो उजेड फोडतो, आणि फोटोच्या काचेच्या प्लेटवर रेघा उमटतात. तांब्याच्या रेघा तांब्याच्या जागी, जस्ताच्या जस्ताच्या जागी. भंगारवाला किती का गोड बोलेना, रेघ कोणाचं ऐकत नाही. पाण्याच्या नळात शिसं जास्त असून चालत नाही. लेकरं पितात ते पाणी. म्हणून प्रत्येक भट्टीचा नमुना आमच्याकडे यायचा आणि आम्ही हो म्हटल्याशिवाय नळ बाहेर पडायचा नाही. आम्ही म्हणजे मी.

माझ्यामागे त्या जागेवर दोन माणसं आली आणि गेली. तिसरी आली ती माझी सून. वशिला वगैरे काही नाही हं. तिनं अर्ज केला, परीक्षा दिली, निवड झाली, आणि मग एक दिवस जेवताना म्हणाली, "आई, उद्यापासून मी तुमच्या जागेवर." माझा घास हातातच राहिला. आनंद झाला का? झाला. पण मला आधी का नाही सांगितलं म्हणून दोन दिवस मी तिच्याशी मोजकंच बोलले. माझं मोजकं म्हणजे इतरांचं भरपूर, हे चिरंजीवांचं मत.

सहा महिने उमेदवारी होती. ती संपत आली आणि कारखान्यानं तळमजल्यावरची आमची खोली नव्या भट्टीला देऊन टाकली. प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर गेली. स्पेक्ट्रोग्राफ सुटा करून, गोधड्यांत गुंडाळून, चौघांनी जिन्यावरून वर नेला. आता तो नव्यानं लावायचा होता. त्यातच सरकारी तपासनिसाचं पत्र आलं. सोबत एक बंद पाकीट, पाकिटात धातूचा भुगा. ह्यात शिसं किती ते पुढच्या गुरुवारी अकरा वाजता प्लेटवर दाखवा. बरोबर निघालं तर प्रयोगशाळा चालू राहील आणि सून कायम होईल. नाही निघालं तर नमुने बाहेर पाठवायचे, खोलीला कुलूप, आणि सूनबाईंना राम राम.

हे सगळं ती रात्रीच्या जेवणाला नवऱ्याला सांगत होती. मला नाही. मी तिथेच बसले होते, हा भाग वेगळा.

"उद्या मी येते," मी म्हटलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. नवराबायकोचं ते बघणं मला कळत नाही असं त्यांना वाटतं.

"आई, अगं तुला कशाला त्रास," चिरंजीव म्हणाले.

"त्रास मला नाही होत. मी देते," मी म्हटलं. आणि विषय संपवला.

शुक्रवारी सकाळी मी हजर. खोली छान होती, हवेशीर, मोठ्या खिडक्यांची. जमीन लाकडी फळ्यांची, चालताना करकरणारी. खाली दगडी फरशी होती आणि यंत्राला विटांचा लांबच लांब ओटा. इथे दोन टेबलं होती. आमचा स्पेक्ट्रोग्राफ विकतचा नव्हता, माझ्याही आधीच्या एका कारागिरानं जुळवलेला होता. एका टोकाला फट आणि प्लेटची पेटी, दुसऱ्या टोकाला लोलक आणि त्याच्यामागे आरसा. उजेड फटीतून निघायचा, चार हात जाऊन लोलकातून फुटायचा, आरशावर आपटून परत यायचा आणि प्लेटवर पडायचा. मधे काळ्या कापडाचा बोगदा. म्हणून एका टेबलावर हे टोक, दुसऱ्यावर ते टोक.

लावायला आम्हांला शनिवार संध्याकाळ झाली. काय सांगू, मजा आली. ती दोरी ताणून, पट्टीनं मोजून, वहीत टिपून काम करणारी. मी डोळ्यांनी. ती म्हणायची, "आई, लोलक अर्धा अंश डावीकडे." मी आधीच अंगठ्यानं ढकललेला असायचा. मग ती मोजायची आणि गप्प बसायची, कारण तो बरोबर असायचा. दोनदा बरोबर नव्हता. तेव्हा मी गप्प बसले. फट उभी सरळ हवी, नाहीतर रेघा तिरक्या येतात. भिंग एका जागी नेमकं हवं, नाहीतर रेघा जाड येतात. एकाच प्लेटवर सेकंदभराच्या दहा पट्ट्या काढायच्या, प्रत्येक वेळी भिंग केसभर सरकवायचं, आणि सगळ्यांत बारीक रेघांची पट्टी कुठली ते बघायचं. हे तिनं इतकं नेटकं केलं की मला कौतुक वाटलं. बोलले नाही. तोंडावर कौतुक केलं की माणूस बिघडतो, असा माझा समज होता.

"प्लेटला उजेड किती वेळ द्यायचा?" तिनं विचारलं.

"वीस फेऱ्या," मी म्हटलं.

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. पण नाही. नोकरीच्या तिसऱ्याच आठवड्यात भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, ते कोणी दुरुस्त केलं नाही. मी काय घड्याळाच्या नावानं बसून राहणार? यंत्राच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, तिथे एक श्वास थांबायचं, परत यायचं, इथे एक श्वास थांबायचं. ही एक फेरी. वीस फेऱ्या म्हणजे तीन मिनिटं. दुसऱ्याच्या घड्याळाशी ताडून पाहिलं होतं, दोन सेकंदांचा फरक. सत्तावीस वर्षं मी अशीच मोजत आले. बघायला लोक यायचे.

"मी घड्याळ आणलंय की," ती म्हणाली.

"असू दे. तू घड्याळ बघ, मी चालते. कोण बरोबर ते कळेल."

सोमवारी पहिली खरी प्लेट काढली. लोखंडाच्या दोन सळया लावल्या, कारण लोखंडाच्या रेघा शेकड्यानं असतात आणि तपासायला बऱ्या पडतात. वीज सोडली तसा सळयांच्या मधे ठिणगीचा आर्क सूं करून पेटला. ती घड्याळ घेऊन स्टुलावर, मी माझ्या फेऱ्या. विसावी फेरी पुरी आणि तिचं "झालं" एकदमच. मी कमरेवर हात ठेवून तिच्याकडे पाहिलं. तीही हसली.

प्लेट धुऊन वाळवून भिंगाखाली धरली आणि दोघींचं हसणं मावळलं. प्रत्येक रेघ दोनदा. एक रेघ, तिला चिकटून तश्शीच दुसरी. सगळ्या प्लेटभर जुळ्या रेघा.

"हे काय गं?" मी म्हटलं. "सत्तावीस वर्षांत असलं कधी पाहिलं नाही."

मग शोध सुरू झाला. मी म्हटलं, फट नीट नाही. फट साफ केली. पुन्हा प्लेट, पुन्हा वीस फेऱ्या, पुन्हा जुळं. मी म्हटलं, लोलक सैल बसलाय. तो घट्ट केला. जुळं. मी म्हटलं, पेटीत प्लेट हलते. कागदाची घडी खोचली. जुळं. चिरंजीवांना सांगून टेबलांच्या पायांखाली लाकडाचे तुकडे ठोकून घेतले. ते हातोडा घेऊन आले, ठोकलं, "आता भूकंप आला तरी हलायचं नाही," असं म्हणून गेले. जुळं!

मंगळवारी पाकिटातला भुगा वापरला. तपासनिसानं तीन वेळेपुरताच दिला होता. एक चिमूट गेली. शिशाची रेघ तांब्याच्या एका रेघेच्या अगदी शेजारी असते. दोन्हींची जुळी एकमेकांत घुसली, काही म्हणता काही वाचता येईना. बुधवारी सकाळी दुसरी चिमूट. तेच. आता एकच चिमूट उरली.

माझा स्वभाव मला ठाऊक आहे. भीती वाटली की मी रागावते. बुधवारी मी तिला वाट्टेल ते बोलले. तुझा हात जड आहे म्हटलं, पेटीचं झाकण आपटतेस म्हटलं, आर्क विझवताना धक्का देतेस म्हटलं. ती ऐकून घेत होती. मग हळूच म्हणाली, "आई, मला वाटतं ही जमीन..."

"नाचता येईना अंगण वाकडं!" मी ओरडले.

 तिचं स्टूल माझ्यापुढे सरकवून ती म्हणाली, "तुम्ही बसता का जरा? पुढची प्लेट मी घड्याळावर काढते."

"का? म्हातारी दिसायला लागले का मी?"

"तसं नाही हो आई."

"मग कसं?"

ती पेटीकडे वळली. मी एक वाजता डबा घेऊन खाली गेले, जुन्या सोबत्यांमध्ये बसून जेवले, त्यांना सुनेच्या जड हाताबद्दल सविस्तर सांगितलं आणि दोनला वर आले. ती भिंगात डोळा घालून बसली होती. मला पाहून दचकली.

रात्री जेवताना कोणी फारसं बोललं नाही. शांतता मला सोसत नाही, म्हणून मीच बोलले. "उद्या येतील रेघा. न येऊन सांगतात कोणाला! सत्तावीस वर्षं ह्या पायांनी मोजलंय, एक प्लेट फुकट गेली नाही." ती माझ्याकडे बघत होती. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं, आणि मग नवऱ्याला आणखी वाढू का म्हणून विचारलं.

गुरुवारी सकाळी ती सातलाच गेली. मी निघाले तर चिरंजीव दारात.

"आई, माझा गुडघा दुखतोय."

"कुठला?"

त्यानं जरा विचार केला. "हा. म्हणजे दोन्ही."

"शेक दे."

"तू दे ना. अकरापर्यंत बस माझ्यापाशी."

चौतीस वर्षांचा घोडा! लहानपणी ताप असतानाही माझ्यापाशी बसला नाही. "आई, गॅस गळल्यासारखा वाटतोय." नव्हता गळत. "आई, शेजारच्या काकू येणार आहेत तुला भेटायला." शेजारच्या काकू समोरच्या फुटपाथवरून कुठेतरी निघाल्या होत्या, खिडकीतून दिसत होत्या. त्यांनी मला हात पण केला. शेवटी तो म्हणाला, "आई, आजचा दिवस नको जाऊस ना." तो खरं बोलत होता हे मला समजलं. का, ते नाही समजलं. मला वाटलं, सून नापास होताना मी बघू नये असं त्यांना वाटतंय. मी चपला घातल्या आणि निघाले.

सव्वादहाला पोचले. सून आत डार्करूममधे डेव्हलपरचं पाणी कोमट करत होती, नळाचा आवाज येत होता. प्लेट पेटीत चढवलेली. ज्यांतलं शिसं ठाऊक आहे त्या नमुन्यांच्या पट्ट्या तिनं सकाळीच त्याच प्लेटवर काढून ठेवल्या होत्या, वहीत खुणा होत्या. फक्त पाकिटातला नमुना राहिला होता. कांडीच्या टोकावर ती शेवटची चिमूट भरलेली दिसत होती.

काळा चष्मा घ्यायला मी खण उघडला. आत कागदात गुंडाळलेली एक प्लेट होती. वर तिचं अक्षर: 'लोखंड. बुधवार, दुपारी सव्वा. आई जेवायला.'

मी ती खिडकीपाशी नेली आणि भिंग लावलं. एकेरी रेघा! शेकड्यांनी रेघा, आणि प्रत्येक एकटी, सुईसारखी. अशी प्लेट मी माझ्या चांगल्या काळात महिन्यातून एखादी काढायचे.

आई जेवायला.

मला काही कळेना. मग कळायला लागलं आणि वाटलं, न कळतं तर बरं. मी लोलकाच्या टेबलाजवळ गेले, जिथे मी दर फेरीला एक श्वास थांबते तिथे. तिची पेन्सिल टेबलावर पडली होती. मी त्या फळीवर उभी राहिले. पेन्सिल माझ्याकडे घरंगळत आली आणि कडेवरून खाली पडली. उचलून ठेवली, मागे सरकले. पेन्सिल जागच्या जागी. पुन्हा पुढे गेले. पुन्हा पडली.

फळी दबत होती. फळीबरोबर टेबल झुकत होतं, टेबलाबरोबर लोलक. केसभर झुकत असेल, पण फटही केसाएवढीच की. मी त्या टोकाला असले की रेघा एका जागी, ह्या टोकाला आले की दुसऱ्या जागी. खाली दगडी फरशीवर हत्ती नाचला असता तरी काही झालं नसतं. इथे मी नाचत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तो कळसा म्हणजे मीच होते, अंगापिंडानं भरलेला.

सून डार्करूममधून बाहेर आली. माझ्या हातात प्लेट पाहून दारातच थांबली.

"तुला काल दुपारीच कळलं होतं," मी म्हटलं.

तिनं मान हलवली.

"मग बोलली का नाहीस?" माझा आवाज चढला. "तोंड शिवलं होतं का? नोकरी जात्येय तुझी, आणि तू माझी भीड धरून बसलीस? मी काय तुला खाल्लं असतं?"

"हो," ती म्हणाली.

 

"अहो आई, रात्री सांगणारच होते," तिचे डोळे भरून आले होते. "पण तुम्ही म्हणालात ना, ह्या पायांनी मोजलंय म्हणून. मग माझ्याच्यानं बोलवेना. तुम्ही चाललात म्हणून बिघडतंय, हे कसं सांगायचं तुम्हांला? म्हणून ह्यांना म्हटलं, अकरापर्यंत तेवढं आईंना घरी धरून ठेवा."

"दोन्ही गुडघे!" मी म्हटलं.

"दोन्ही?"

"दोन्ही दुखत होते त्याचे. शिवाय गॅस गळत होता."

ती आधी हसायचं नाही असं ठरवून उभी होती. मग फसकन हसली, आणि मी पण. हसता हसता मला खुर्ची लागली. लाज वाटत होती, फार वाटत होती, बुधवारी बोललेलं एकेक वाक्य परत ऐकू येत होतं. आणि हसूही थांबत नव्हतं.

"हात जड नाही तुझा," मी म्हटलं. "जड मी आहे. चुकलं माझं."

"राहू दे हो आई."

"राहू दे काय! दहा पस्तीस झाले. आर्क पेटव."

ती म्हणाली, "तुम्ही बसा ना इथे, खुर्चीवर. फक्त हलू नका."

मी क्षणभर विचार केला. मला स्वतःला मी साठ वर्षं ओळखते. आर्क पेटला की माझे पाय माझं ऐकत नाहीत. "मी? तीन मिनिटं? बसून?" मी म्हटलं. "नको गं बाई. एकच चिमूट उरलीय. मी बाहेर जाते."

बाहेरच्या बोळातही त्याच फळ्या होत्या, म्हणून मी थेट जिन्यापर्यंत गेले. जिना दगडी. सगळ्यांत वरच्या पायरीवर बसले आणि खाली पाहिलं तर एक गृहस्थ वर येत होते. हातात बॅग, पायांत जाड बूट, आणि देह असा की त्यांच्यापुढे मी काडी. वेळेच्या आधी येणारी माणसं मला एरवी आवडतात.

"बाई, जरा वाट द्या," ते म्हणाले.

"नाही देता येत."

"मी तपासनीस आहे."

"म्हणूनच नाही देता येत. आमचा रखवालदार असता तर सोडला असता, तो किडकिडीत आहे." त्यांचा चेहरा बदलला तसं मी घाईघाईनं म्हटलं, "रागावू नका. आत तुमच्याच नमुन्याची प्लेट निघतेय. जमीन लाकडी आहे, तुम्ही पाऊल टाकलंत की लोलक हलतो. मी टाकलं तरी हलतो. मी तीन दिवस हलवलाय. बसा तुम्ही माझ्याशेजारी."

 त्याच वेळी आतून आर्कचा आवाज आला, सूं करून. बॅग पायरीवर ठेवून ते बसले. पायरी भरून गेली.

"किती वेळ?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"तीन मिनिटं."

त्यांनी खिशातून घड्याळ काढलं आणि दोघांच्या मधे धरलं. सेकंदाचा काटा मुंगीसारखा निघाला. माझ्या टाचा उचलायला लागल्या. मी दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले. आत ती एकटी होती आणि मला काहीही करता येत नव्हतं. फटीत धूळ गेली असेल का, कांडी मधेच विझली तर, झाकण काढायला विसरली तर! ओरडून विचारावंसं वाटत होतं. तीन मिनिटं एवढी लांब असतात हे मला सत्तावीस वर्षांत माहीत नव्हतं. मी कायम चालत होते ना.

"तुम्ही आतल्या बाईंच्या कोण?" तपासनिसांनी विचारलं.

"सासू."

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, आणि घड्याळ माझ्या बाजूला आणखी थोडं सरकवलं. भला माणूस.

आवाज थांबला. "तीन मिनिटं, बरोबर," ते म्हणाले. पण उठले नाहीत. प्लेट धुतली जायची होती आणि डार्करूमचं दार उघडून चालत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. आम्ही तिथेच बसून राहिलो. त्यांनी मला त्यांच्या सुनेबद्दल सांगितलं. ती त्यांना स्वयंपाकघरात येऊ देत नाही म्हणे. मी म्हटलं, तिचं बरोबर असेल.

अकराला पाच कमी असताना दार उघडलं. सून बाहेर आली. दोन्ही हातांत प्लेट कडांनी धरलेली, पाणी ठिबकत होतं. समोर तपासनीस उभे राहिले होते, हात पुढे करून. तिनं प्लेट माझ्यापुढे धरली.

मी भिंग लावलं.  तांब्याची रेघ, आणि तिच्याशेजारी, मधे स्वच्छ जागा सोडून, शिशाची. एकेरी. वर-खाली ठाऊक असलेल्या नमुन्यांच्या पट्ट्या, एकीत शिशाची रेघ फिकट, एकीत गडद, आणि ही बरोबर त्यांच्या मधली. खोड काढायला मी सगळी प्लेट धुंडाळली, सवयच ती. कोपऱ्यात अंगठ्याचा एक ठसा सापडला. तो मी गिळला.

"दे त्यांना," मी म्हटलं.

त्यांनी प्लेट उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली. तिच्या वहीतला आकडा वाचला, बॅगेतून आपला कागद काढून ताडला आणि मान डोलावली. "जुळतंय," ते म्हणाले. "यंत्र फार चांगलं लागलंय. कोणी लावलं? मला अहवालात लिहायचंय."

सुनेनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आईंनी..."

"हिनं," मी म्हटलं. "हिनं लावलं, हिनं बिघाड शोधला, आणि प्लेट काढली तेव्हा आत ही एकटी होती. लिहा तसं. मी बाहेर होते, तुमच्या शेजारी. तुम्ही साक्षीदार आहात."

त्यांनी तसं लिहिलं. सून रडायला लागली.

"अगं, रडतेस काय वेड्यासारखी," मी म्हटलं. "प्लेट आधीच ओली आहे." आणि मग तिथेच, त्या परक्या माणसासमोर, मी तिच्या गळ्यात पडून रडले.